प्रकल्प नोंदी : ‘व्हॅली ऑफ डेथ’ आणि संध्याकाळची रांग

१४ जून, सातारा

‘बॅटल फॉर वेसनॉथ’ या आळीपाळीने चाली करायच्या युद्धाच्या गेमच्या ‘एअर टू द थ्रोन’ मोहिमेत ‘व्हॅली ऑफ डेथ’ नावाचे एक मिशन आहे. ते सर्वांत कठीण पातळीवर, मधल्या सेव्हवरून पुन्हा लोड न करता जिंकायचे, आणि जिंकताना जे हाती लागेल त्याची मराठी मार्गदर्शिका तयार करायची, असे आज ठरले. आमच्याकडील मुले हा गेम आवडीने खेळतात आणि या मिशनपाशी अडकून सोडून देतात, म्हणून हेच मिशन निवडले. डेव्हिड व्हाइट यांनी २००३ साली सुरू केलेला हा गेम मुक्त परवान्याखाली मोफत मिळतो आणि जुन्या संगणकावरही चालतो, त्यामुळे कोणालाही खर्चात पडावे लागणार नाही.

मिशनची अट ऐकायला सोपी आहे. शत्रू मृतांचे सैन्य घेऊन एकाहून अधिक दिशांनी चालून येतो आणि आपण दोन दिवस टिकून राहायचे; आपला नायक कॉनराड किंवा त्याचा गुरू, वृद्ध जादूगार डेल्फाडोर पडला की खेळ संपला. वेसनॉथमध्ये दिवसाचे सहा टप्पे असतात : पहाट, सकाळ, दुपार, संध्याकाळ, रात्रीचा पहिला प्रहर आणि दुसरा प्रहर. प्रत्येक टर्नला एक टप्पा पुढे सरकतो, म्हणजे दोन दिवस हे साधारण १२ टर्नचे काम आहे. मृतांच्या सैन्याची ताकद रात्री २५ टक्क्यांनी वाढते आणि दिवसा तेवढीच घटते. आपल्या जादूगारांचे आणि घोडेस्वारांचे याच्या उलट असते, तर एल्फ मंडळींना रात्र आणि दिवस सारखेच.

काम वाटून घेतले आहे. आकडेमोड ताईकडे, सरावाचा नकाशा कोरेगावच्या मित्राकडे, प्रत्यक्ष खेळणे बहुतेक वेळा भाच्याकडे आणि नोंदी माझ्याकडे. बैठक शाहूपुरीत ताईच्या माडीवर.

२१ जून

आज मृतांच्या सैन्यातल्या फक्त ‘सांगाडा’ या शिपायाचा हिशेब झाला, पण तो पुरेसा झाला. या मिशनमध्ये हरणारे बहुतेक खेळाडू मोहिमेच्या सुरुवातीपासून जमवलेले एल्फ योद्धे आणि तिरंदाज घेऊनच उतरतात. आतापर्यंत त्यांनीच सगळी मिशने जिंकून दिलेली असल्यामुळे तसे करणे स्वाभाविकही आहे. मात्र सांगाड्यावर तलवारीचे नुकसान ४० टक्क्यांनी आणि बाणाचे ६० टक्क्यांनी कमी होते. एल्फ योद्ध्याचे ५ नुकसानाचे चार वार असतात, ते सांगाड्यावर ३ चे होतात. तिरंदाजाचे ५ चे चार बाण २ चे होतात. सांगाड्याचे एचपी (जीवनगुण; ते संपले की शिपाई पडतो) ३४. चारही बाण लागले तरी ८ एचपी जातात, म्हणजे तिरंदाज त्याला केवळ डिवचतो.

याउलट सांगाडा आगीला आणि बोथट माराला २० टक्के जास्त बळी पडतो. जादूगाराचे आगीचे ७ चे तीन वार असतात आणि समोर कोणीही कुठेही उभा असला तरी ते ७० टक्के शक्यतेने लागतात. सांगाड्यावर दिवसा हा वार १० चा होतो, रात्री ६ चा. ताईने इथे एक गोष्ट दाखवली, जी आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात नव्हती : कॉनराड दुसऱ्या लेव्हलला पोचला की त्याला नेतृत्वाचा गुण मिळतो आणि त्याच्या शेजारच्या घरांत उभ्या असलेल्या पहिल्या लेव्हलच्या शिपायांना २५ टक्के जास्तीचे बळ मिळते. हे २५ टक्के रात्रीच्या उणे २५ टक्क्यांना बरोबर फेडून टाकतात. म्हणून कॉनराडशेजारचा जादूगार रात्री ६ ऐवजी ८ चा वार करतो, आणि दिवसा १३ चा. १३ चे तीन वार म्हणजे ३९. पूर्ण तब्येतीचा सांगाडा एकाच जादूगाराच्या एकाच हल्ल्यात पडण्याची शक्यता त्यामुळे ३४ टक्क्यांच्या वर जाते, तर कॉनराड शेजारी नसेल तर ती शून्य असते, कारण तीन वारांचे ३० च होतात.

याचा अर्थ कॉनराडला सुरक्षित कोपऱ्यात दडवून ठेवणे महागात पडते. तो रांगेच्या लगेच मागे, दोन-तीन जादूगारांना एकाच वेळी खेटून उभा असला पाहिजे.

२२ जून

भुतांविषयी थोडक्यात. त्यांच्यावर तलवार, भाला आणि गदा या तिन्हींचे नुकसान निम्मे होते आणि शिवाय ती आपले एचपी शोषून स्वतःचे वाढवतात, म्हणून भुतावर एकेक शिपाई पाठवून त्याला ‘दमवण्याचा’ प्रयत्न निष्फळ आहे. एकतर जादूने एका टर्नमध्ये संपवावे, नाहीतर समोर ठेवून दुर्लक्ष करावे.

२९ जून

आजची बैठक लांबली, कारण रांगेच्या आकाराचा प्रश्न निघाला आणि मार्गदर्शिकेचा अर्धा भाग त्याच प्रश्नाभोवती उभा राहणार असे दिसते.

वेसनॉथचा पट षट्कोनी घरांचा आहे आणि ही घरे अशी रचलेली आहेत की प्रत्येक घराला बरोबर वर आणि बरोबर खाली शेजारी असतो, मात्र डावीकडे आणि उजवीकडे शेजारी तिरपे असतात. परिणाम असा की उत्तर-दक्षिण उभी रांग सरळ लागते. तिच्यातल्या प्रत्येक शिपायाचे दोन शेजारी आपले, समोर दोन घरे शत्रूसाठी मोकळी आणि पाठीशी दोन आपल्यासाठी. पूर्व-पश्चिम रांग मात्र नागमोडीच लागते. तिच्यात एक शिपाई टोकासारखा पुढे आलेला असतो आणि त्याच्यावर तीन घरांतून हल्ला होऊ शकतो. त्याच्या शेजारचा खाचेत असतो आणि त्याच्यावर फक्त एका घरातून हल्ला होतो. मग पुन्हा तीन, पुन्हा एक.

भाच्याने पटावर शिपाई मांडून हे ताडून पाहिले आणि म्हणाला, “मामा, म्हणजे आपण आजवर आडवी रांग लावताना कोण कुठे उभा आहे ते बघतच नव्हतो.” बहुतेक खेळाडू बघत नाहीत. ज्याची चाल आधी आली तो मिळेल त्या घरात जाऊन उभा राहतो, आणि २४ एचपीचा जादूगार तीन घरांच्या तोंडाशी येतो.

येथे झोन ऑफ कंट्रोलचाही विचार केला. पहिल्या किंवा वरच्या लेव्हलच्या प्रत्येक शिपायाच्या भोवतालच्या सहा घरांत शत्रू शिरला की त्याला थांबावे लागते, म्हणून दोन शिपायांमध्ये दोन रिकामी घरे असली तरी शत्रू त्याच टर्नमध्ये त्यातून पलीकडे जाऊ शकत नाही. पहिल्या दिवशी, शत्रू अजून विखुरलेला असताना, अशी विरळ रांग वेळ काढायला उपयोगी पडते. रात्री ती लावणे म्हणजे प्रत्येक शिपायाला स्वतंत्रपणे वेढू देणे होय. शून्य लेव्हलच्या शिपायांना हा झोन नसतो, हे मार्गदर्शिकेत ठळक लिहायचे आहे, कारण शत्रूची चालती प्रेते त्याच वर्गातली असतात आणि त्यांच्या शेजारून खुशाल निघून जाता येते.

५ जुलै

ताईने गेल्या बैठकीतल्या भूमितीला आकडे लावून आणले. गृहीत असे धरले : पूर्ण २४ एचपीचा जादूगार किल्ल्याच्या घरात उभा आहे, म्हणजे त्याचा बचाव ६० टक्के आणि शत्रूचा वार लागण्याची शक्यता ४० टक्के, वेळ रात्रीची, हल्ला करणारे साधे सांगाडे, ज्यांचे ७ चे तीन वार रात्री ९ चे होतात. तीन वार लागले की जादूगार गेला.

एकाच सांगाड्याने हल्ला केला तर तो मरण्याची शक्यता ६.४ टक्के. दोघांनी केला तर ४५.६ टक्के. तिघांनी केला तर ७६.८ टक्के.

हे तीन आकडे पाहिल्यावर माडीवर काही वेळ कोणी बोलले नाही, मग सगळे एकदम बोलू लागले. तोच जादूगार, तोच किल्ला, तीच रात्र. फक्त एक घर मागे किंवा पुढे. नागमोडी रांगेच्या खाचेत तो जवळजवळ निर्धास्त आहे आणि टोकावर तो चारांपैकी तीन वेळा मरतो. ‘नशीब खराब’ म्हणून जे खपवले जाते त्यातले किती आपण स्वतः निवडलेल्या घराचे असते, हे याहून स्वच्छ दाखवता येणार नाही.

यानंतर शामनचा हिशेब. एल्फ शामनचा दूरचा हल्ला केवळ ३ चा दोन वेळा, म्हणून मुले तिला भरतीच करत नाहीत. पण तो लागला की शत्रू मंदावतो : त्याचे नुकसान आणि चाल निम्मी होते आणि हा परिणाम त्याचा पुढचा टर्न संपेपर्यंत टिकतो. शिवाय साध्या सांगाड्याकडे दूरचे हत्यार नसते, म्हणून तो शामनला उलट वार करू शकत नाही. मोकळ्या मैदानावर उभ्या सांगाड्याला तिच्या दोनपैकी निदान एक वार लागण्याची शक्यता ८४ टक्के आहे. मंदावलेल्या सांगाड्याचा रात्रीचा वार ९ वरून ४ वर येतो. वरच्याच जादूगारावर दोन सांगाडे आले आणि त्यांतला एक मंदावलेला असेल, तर ४५.६ टक्क्यांचे १६.५ टक्के होतात. दोन्ही मंदावलेले असतील तर सहाच्या सहा वार लागल्याशिवाय तो मरत नाही, आणि ती शक्यता अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. १५ सोन्यात मिळणाऱ्या शिपायाकडून याहून अधिक अपेक्षा करणे लोभीपणाचे ठरेल.

१२ जुलै

पावसाने वीज गेली, लॅपटॉपच्या बॅटरीवर जेवढे झाले तेवढे. जुन्या सेव्हचे रीप्ले एकेक टर्न थांबवून पाहिले. पराभव ज्या टर्नमध्ये दिसतो त्याच्या दोन टर्न आधी तो घडलेला असतो, हे जवळपास प्रत्येक रीप्लेमध्ये आढळले. तो टर्न संध्याकाळचा असतो.

कारण असे. वेसनॉथमध्ये हल्ला केल्यानंतर शिपायाला हलता येत नाही. संध्याकाळी एखादा जखमी सांगाडा दोन घरे पुढे दिसतो, जादूगार पुढे जाऊन त्याला मारतो, अनुभवाचे ८ गुण मिळतात आणि खेळाडू खूश होतो. पण तो जादूगार आता तिथेच उभा आहे आणि शत्रूच्या चालीनंतर लगेच रात्र पडणार आहे. म्हणून संध्याकाळचा हल्ला निवडताना ‘कोणाला मारता येईल’ याऐवजी ‘मारून झाल्यावर मी कोणत्या घरात उभा असेन आणि त्या घराला शत्रूच्या बाजूने किती तोंडे आहेत’ असा प्रश्न विचारावा लागतो. मार्गदर्शिकेचे मुख्य सूत्र हेच ठेवायचे ठरले : रात्रीची रांग संध्याकाळच्या हल्ल्यांतून बनते, तिच्यासाठी वेगळी चाल उरत नाही.

२० जुलै

कोरेगावच्या मित्राने गेमच्याच नकाशा संपादकात सरावाचा नकाशा तयार करून आणला. मूळ मिशनची नक्कल करण्याचा हेतू नव्हता. मध्ये छोटा किल्ला, दोन बाजूंना मृतांचे तळ, १२ टर्नची मर्यादा आणि सुरुवात मुद्दाम संध्याकाळी, म्हणजे तयारीला वेळच नाही. संगणकाच्या आक्रमकतेचा आकडा नेहमी ०.४ असतो, तो त्याने १ केला. १ ठेवला की संगणक स्वतःच्या नुकसानीची पर्वा न करता हल्ला करतो. सरावाला असा बेफिकीर शत्रू बरा, कारण तो प्रत्येक उघडे घर शोधून काढतो.

या नकाशात त्याने काळ्या विद्येचे उपासकही ठेवले होते. त्यांची जादू ७० टक्के लागते, म्हणजे किल्ल्याच्या ६० टक्के बचावाचा त्यांच्यासमोर काही उपयोग नाही. मात्र त्यांच्याकडे जवळून लढायचे हत्यारच नसते. भालाइत घोडेस्वाराच्या धडकेत दोन्ही बाजूंचे नुकसान दुप्पट होते, त्यामुळे सांगाड्यावर त्याला घालणे हा आत्मघात आहे, पण उपासक उलट वारच करू शकत नसल्याने तिथे दुप्पट फक्त आपल्या बाजूचे होते. भाच्याने दिवसा एका घोडेस्वाराकडून दोन टर्नमध्ये दोन उपासक उडवले आणि तिसऱ्याच्या मागे लागला. ताईने कंट्रोल आणि व्ही दाबून शत्रूच्या पुढच्या चालींची व्याप्ती पटावर दाखवली. घोडेस्वार जिथे पोचणार होता ते घर चार शत्रूंच्या टप्प्यात होते. घोडेस्वार परत फिरला.

साताऱ्यात बसून वेढ्याविषयी बोलताना अजिंक्यताऱ्याची आठवण निघणारच. औरंगजेबाच्या फौजेने डिसेंबर १६९९ मध्ये या किल्ल्याला वेढा घातला आणि तो एप्रिल १७०० मध्ये हाती आला. मधल्या काळात मोगलांनी तटाखाली पेरलेल्या सुरुंगाच्या स्फोटात त्यांचीच माणसे मोठ्या संख्येने दगावली. वेढ्यात घाई करणारा स्वतःचेच नुकसान करून घेतो हे मित्राचे म्हणणे मला पटले, पण आमच्या मिशनमध्ये शत्रूला घाई आहे आणि आपल्याला नाही, हा फरक त्याच्या लक्षात आणून द्यावा लागला. आपल्याला फक्त घड्याळ पुढे सरकायला हवे आहे.

२७ जुलै

सोन्याचा हिशेब. जुन्या शिपायाला परत बोलावण्याचा खर्च त्याच्या लेव्हलवर अवलंबून नसतो, तो सरसकट २० सोने असतो, आणि नव्या जादूगाराची भरतीही २० लाच पडते. म्हणजे दुसऱ्या लेव्हलचा श्वेत जादूगार यादीत असताना नवा जादूगार आधी घेण्यात अर्थ नाही. श्वेत जादूगार शेजारच्यांना दर टर्नला ८ एचपी देतो, विष उतरवतो आणि त्याचा प्रकाशाचा मारा मृतांना आगीहूनही झोंबतो. त्याचा पगार दर टर्नला २ पडतो, पण १२ टर्नच्या मिशनमध्ये पगाराची चिंता करणे व्यर्थ आहे. म्हणून आधी श्वेत जादूगार, मग दोन शामन, मग साधे जादूगार, आणि रांगेच्या टोकांसाठी वरच्या लेव्हलचे एल्फ योद्धे. एल्फ तिथे मारण्यासाठी नाहीत. मार खाऊन उभे राहण्यासाठी आहेत, आणि तेवढे ते नीट करतात.

डेल्फाडोरविषयी मतभेद राहिला. तो पाचव्या लेव्हलचा आहे आणि एकटा एक बाजू सांभाळू शकतो, पण शेवटचा वार त्याने केला की अनुभव वाया जातो. तोच वार साध्या जादूगाराने केला तर तो रात्रीच्या मध्यातच लेव्हल चढून पूर्ण बरा होऊ शकतो. मी म्हणतो, डेल्फाडोरने अर्धमेले करावे आणि जादूगारांनी संपवावे. भाच्याचे म्हणणे, दुसऱ्या रात्री हा विचार सोडून द्यावा आणि ज्याला जमेल त्याने मारावे. मार्गदर्शिकेत दोन्ही मते दिली आहेत.

३ ऑगस्ट

आज मूळ मिशन सर्वांत कठीण पातळीवर ठरल्याप्रमाणे खेळले. आधी प्लॅनिंग मोडमध्ये चाली आखायच्या, ताईने घरांची तोंडे मोजायची आणि मगच चाल करायची, अशी पद्धत ठेवली. त्यामुळे खेळ कंटाळवाणा होईल अशी भीती होती, पण तसे झाले नाही.

पहिली रात्र एक एल्फ योद्धा देऊन निभावली. दुसऱ्या दिवशी भाच्याला शत्रूच्या जवळच्या तळावर जायचे होते. सकाळच्या टर्नला बाहेर पडून मारण्यास कोणाची हरकत नव्हती. दुपारी मात्र फक्त अशाच घरांतून हल्ला करायचा, जिथून संध्याकाळी एका चालीत रांगेत परतता येईल, ही अट ताईने सोडली नाही. तळावर जाणे झाले नाही आणि मिशनच्या अटीत ते मागितलेलेही नाही.

एक प्रसंग तपशिलाने नोंदवतो. दुसऱ्या रात्रीचा दुसरा प्रहर. उत्तरेकडच्या नागमोडी रांगेच्या खाचेत एक जादूगार, एचपी ११. त्याच्यासमोरच्या एकुलत्या एका घरात सांगाडा. मागे हटवावे तर खाच उघडी पडते आणि कॉनराडवर वाट मोकळी होते. बदली द्यायला कोणी नाही. ९ च्या तीन वारांपैकी दोन लागले तरी जादूगार संपतो आणि ती शक्यता ३५.२ टक्के. शामन डावीकडच्या टोकाच्या मागे होती आणि भाच्याला तिला तिथल्या जखमी एल्फजवळ ठेवायचे होते, म्हणजे तिच्या शेजारामुळे बरा होऊन त्याला ४ एचपी मिळाले असते. त्याऐवजी तिला सांगाड्याच्या शेजारच्या घरात आणले. पहिला वार चुकला, दुसरा लागला, सांगाडा मंदावला. आता जादूगाराला मारायला ४ चे तिन्ही वार लागणे भाग होते, म्हणजे ६.४ टक्के. शत्रूच्या चालीत दोन लागले. जादूगार ३ एचपीवर उभा राहिला आणि रांग फुटली नाही.

मिशन जिंकले. लगेच सांख्यिकीची खिडकी उघडून पाहिली : तिथे झालेले नुकसान आणि अपेक्षित नुकसान शेजारी शेजारी दिसते. आपण केलेले नुकसान अपेक्षेपेक्षा थोडे कमीच होते आणि आपण सोसलेले जवळजवळ अपेक्षेइतके. म्हणजे हा विजय नशिबाच्या खात्यावर टाकता येत नाही, आणि म्हणूनच मार्गदर्शिकेत देण्याजोगा आहे.

१० ऑगस्ट

मसुदा कोरेगावच्या मित्राने वाचून परत दिला. त्याची मुख्य हरकत अशी की टक्केवारीचे तक्ते मुले वाचणार नाहीत. तक्ते शेवटी नेले आणि सुरुवातीला नागमोडी रांगेचे एकच चित्र ठेवले, ज्यात टोकाच्या घरांत ३ आणि खाचेच्या घरांत १ असे आकडे लिहिले आहेत. एवढे चित्र पाहूनच एखाद्याने खेळायला घेतले तरी चालेल.

विषारी घूल आणि चालत्या प्रेतांचा भाग अजून अपुरा आहे. प्रेताने मारलेला शिपाई प्रेत होऊन शत्रूकडे जातो, मात्र तो गावाच्या घरात उभा असेल तर तसे होत नाही. त्यामुळे जखमी शिपायाला गावात ठेवण्याचा दुहेरी फायदा आहे. याचा सराव पुढच्या बैठकीत, त्याच नकाशावर उपासकांच्या जागी प्रेते घालून करायचा आहे.

‘ग्रिफन माउंटन’ हे पुढचे मिशन. त्यासाठी आजच्या सेव्हमधल्या यादीत श्वेत जादूगार दोन झाले आहेत आणि तो ३ एचपीवर वाचलेला जादूगार लेव्हल चढण्यापासून एका सांगाड्याच्या अंतरावर आहे. त्याला श्वेत करायचे की लाल, यावर भाचा आणि ताई यांचे एकमत व्हायचे आहे. माझे मत लाल, कारण बरे करणारे आता पुरेसे आहेत.